खळ्यापलीकडचं वायफाय: जुन्या राउटरचा ॲक्सेस पॉइंट करण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं, समुद्रापासून थोडं आत असलेलं गाव. घर चिऱ्यांचं (जांभ्या दगडाचं), कौलारू. भिंती दीड फुटाच्या आसपास जाड. समोर खळं, म्हणजे अंगण, आणि खळ्याच्या पलीकडे, ओटीपासून साधारण तीस मीटरवर, जुना मांगर, म्हणजे गुरांचा गोठा. गुरं गेली तशी मांगरात लाकडं आणि नारळ साठू लागले. पुढे घरच्यांनी तो दुरुस्त करून पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या आणि धंद्याचं काम म्हणून मांगराला वेगळा वीजमीटर घेतला. हा वेगळा मीटर लक्षात असू द्या, पुढे त्याच्यामुळे एक पर्याय बाद होतो.

घरात निवृत्त शिक्षक (गावासाठी गुरुजी), त्यांची पत्नी, मुलगा आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करणारी सून. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण तांत्रिक घटनाक्रम घडला तसाच दिला आहे. मला या प्रकरणात बोलावलं ते सुनेने.

इंटरनेट फायबरचं, १०० एमबीपीएसचा प्लॅन. फायबरची तार ओटीच्या कोपऱ्यातून आत आली म्हणून मोडेमही तिथेच, कपाटाच्या माथ्यावर बसला. बहुतेक घरांत मोडेमची जागा अशीच ठरते: तार जिथे शिरली तिथे. ओटी आणि माजघरात वायफाय उत्तम. मांगरात मात्र फोनवर एखादी रेघ दिसायची, तीही दारात उभं राहिलं तर.

माळ्यावर ठाण्याच्या फ्लॅटमधून आणलेला एक जुना राउटर होता. एकच बँड, २.४ गिगाहर्ट्झचा, खोक्यावर ३०० एमबीपीएस छापलेलं, मागे चार पिवळे लॅन पोर्ट (घरातली उपकरणं जोडायचे) आणि एक निळा वॅन पोर्ट (बाहेरून इंटरनेट घ्यायचा), सगळे १०० एमबीपीएसचे. नव्या राउटरांत असते तशी ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ची, म्हणजे स्वतःचं वेगळं जाळं न उभारता नुसतं वायफाय पुरवण्याची, तयार सोय यात नव्हती.

अडचण कशी वाढत गेली

पहिला उपाय गुरुजींच्या मुलाने केला. ऑनलाइन एक रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) मागवला आणि ओटीच्या खिडकीतल्या प्लगमध्ये लावला. हिवाळ्यात तो बऱ्यापैकी चालला. पण एकाच रेडिओवरून ऐकायचं आणि त्याच रेडिओवरून पुढे सांगायचं, म्हणजे वेग जवळजवळ निम्मा होणारच. पाऊस सुरू झाल्यावर तेवढंही राहिलं नाही. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी धरतो, आणि ओल्या भिंतीतून रेडिओलहरी आणखी कमी जातात. शिवाय खिडकी पावसात बंदच.

दुसरा उपाय भाच्याचा. तो डिप्लोमाला शिकतो, दिवाळीच्या सुट्टीत आला होता. त्याने मोडेमपासून मांगरापर्यंत वरून, आंब्याच्या फांदीला बांधून, नेटवर्कची केबल नेली आणि माळ्यावरच्या राउटरच्या निळ्या वॅन पोर्टमध्ये खोचली. मांगरात नेट आलं आणि पाहुणे खूश झाले. एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मला कुणी बोलावलंच नसतं.

पण वॅन पोर्टमध्ये केबल गेली की जुना राउटर स्वतःचं वेगळं जाळं उभं करतो. घरचं जाळं १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचं, मांगरचं १९२.१६८.० ने सुरू होणाऱ्या. मांगरच्या दारावर लावलेला वायफाय कॅमेरा मांगरच्या जाळ्यात आणि त्याचं चित्रण साठवणारा रेकॉर्डर घरच्या जाळ्यात. रेकॉर्डरला कॅमेरा सापडेना, कारण घराकडून मांगरात शिरायची वाट राउटरने बंद ठेवलेली असते. उलट दिशेने, मांगरात बसलेल्या सुनेच्या लॅपटॉपला घरातला प्रिंटर यादीत दिसेना. प्रिंटरचा पत्ता हाताने टाकला असता तर छापून झालं असतं. पण प्रिंटर आपोआप शोधायची हाक राउटर ओलांडून जात नाही आणि हाताने पत्ता कोण टाकतो?

भाच्याने फोनवर कुणाला तरी विचारलं. उत्तर आलं, ‘केबल वॅनमधून काढून लॅनमध्ये लाव.’ उत्तर बरोबर होतं, फक्त अर्धं होतं. केबल लॅनमध्ये गेली, कॅमेरा रेकॉर्डरला दिसू लागला, भाचा कॉलेजला परत गेला. आणि त्यानंतरच्या आठवड्यांत घरातलं नेट भुताटकीसारखं वागू लागलं.

कधी गुरुजींच्या फोनवर ‘जोडलं आहे, पण इंटरनेट नाही’. कधी सुनेच्या लॅपटॉपवर तेच. टीव्ही मात्र कधीच बंद पडला नाही. फोन बंद करून चालू केला की कधी चालायचं, कधी नाही. गुरुजींची तक्रार मला फोनवर ऐकायला मिळाली: “मी मोडेमच्या बाजूक बसलंय तरी माका नेट नाय, आणि मांगरातल्या पावण्यांक गावता!” कंपनीच्या माणसाने येऊन मोडेम बदलला. पाच-सहा दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच.

निदान

या टप्प्यावर बहुतेक लोक वेग मोजतात. पण वेगाचा इथे संबंधच नव्हता. मी सुनेला एवढंच सांगितलं की नेट बंद पडलेल्या फोनवर वायफायच्या तपशिलात जाऊन ‘गेटवे’समोरचा आकडा (इंटरनेटकडे जायची वाट ज्या डब्यातून आहे त्याचा पत्ता) वाच, आणि चालणाऱ्या फोनवरचाही वाच. चालणाऱ्यावर १९२.१६८.१.१, म्हणजे फायबरचा मोडेम. बंदवर १९२.१६८.०.१, म्हणजे मांगरातला जुना राउटर. खरं तर निदान तिथेच संपलं. पुढचं सगळं दुरुस्तीचं काम.

झालं होतं ते असं. फोन जाळ्यात शिरताना ‘मला पत्ता द्या’ म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो. पत्ते वाटण्याच्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात आणि एका जाळ्यात ते काम एकाच डब्याने करायचं असतं. इथे जणू होमस्टेच्या खोल्या दोन जण एकमेकांना न विचारता वाटत होते. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता फोन घेतो. मोडेम आधी बोलला तर ठीक. जुना राउटर आधी बोलला तर फोनला सांगितलं जातं की बाहेर जायची वाट माझ्याकडून आहे, आणि त्याच्या वॅन पोर्टमध्ये तर आता काहीच नाही. फोन त्याच्या दाराशी उभा राहतो, दार भिंतीत उघडतं.

यात अंतराचा फरक पडत नाही, हे गुरुजींना पटायला वेळ लागला. केबलवरचा तीस-पस्तीस मीटरचा प्रवास नगण्य असतो. फरक पडतो तो डब्याच्या स्वभावाने: काही डबे पत्ता देण्याआधी तो दुसऱ्या कुणाकडे नाही ना हे तपासतात आणि तेवढे मागे पडतात.

टीव्ही का बंद पडला नाही, हेही यातूनच कळतं. एकदा पत्ता मिळाला की मुदत साधारण निम्मी सरल्यावर उपकरण ती वाढवून घ्यायला आधी त्याच डब्याकडे जातं, ज्याने पत्ता दिला होता. टीव्हीला मोडेमने पत्ता दिलेला, तो घर सोडून कुठे जात नाही, त्यामुळे त्याचं बस्तान कायम. ज्यांचे फोन रोज बाजारात, शेतात, कणकवलीला जाऊन परत येतात, त्यांचा पुन्हा नव्याने जुगार. आणि पाहुण्यांचा तर प्रत्येक वेळी पहिलाच दिवस. मोडेम बदलल्यावर पाच-सहा दिवस बरं का वाटलं, याचं माझं उत्तर अंदाजाचं आहे: बदलण्याच्या गडबडीत मांगराची केबल काढून ठेवली असावी आणि ती पुन्हा कुणी तरी लावली असावी.

तोडगा त्याच दिवशी निघाला: मांगरातला राउटर बंद करा. घरचं नेट सुरळीत, मांगर पुन्हा कोरडा. खरा प्रश्न मग समोर आला, की मांगरात नेट न्यायचं कसं. मे महिन्याच्या सुट्टीचे पाहुणे तोंडावर होते.

कोणते पर्याय पाहिले

मुलाच्या डोक्यात मेश होतं. दोन-तीन डब्यांचा संच, आपोआप जुळणारा. माझा आक्षेप किमतीला कमी आणि भिंतींना जास्त होता. मेशचे डबे केबलशिवाय जोडले तर त्यांनाही एकमेकांशी बोलायला त्याच दोन चिरेबंदी भिंती आणि मधलं खळं ओलांडायचं असतं. नवा डबा जुन्या रिपीटरपेक्षा हुशार असेल, पण चिरा त्याच्यासाठी पातळ होत नाही. आणि केबल टाकायचीच असेल तर मेशचा निम्मा फायदा घरात पडून असलेल्या राउटरमधूनही मिळतो.

विजेच्या तारांवरून नेट नेणारे अडॅप्टर मिळतात. ते एकाच मीटरच्या वायरिंगवर चालतात, आणि मांगराचा मीटर वेगळा. बाद.

मांगरासाठी स्वतंत्र फायबर जोडणी हा तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात स्वच्छ पर्याय होता. पाहुण्यांचं जाळं घरापासून पूर्ण वेगळं राहिलं असतं, ज्याचं महत्त्व पुढे येईलच. पण वर्षातले चार-पाच महिने रिकाम्या असणाऱ्या खोल्यांसाठी दर महिन्याचं बिल गुरुजींना मान्य नव्हतं, आणि रेकॉर्डर-कॅमेऱ्याचा प्रश्न तसाच राहिला असता.

राहिला जुना राउटर, पण त्याच्यातली राउटरगिरी काढून. त्याने फक्त केबलवर आलेलं हवेत सोडायचं आणि हवेतलं केबलवर टाकायचं. पत्ते वाटायचे नाहीत, वाट दाखवायची नाही. ॲक्सेस पॉइंट म्हणजे एवढंच. शंभरच्या प्लॅनला १०० एमबीपीएसचे पोर्ट पुरतात. त्यातून प्रत्यक्ष ९४ च्या आसपास मिळतात, आणि २.४ गिगाहर्ट्झवर वायफाय त्याच्याही खालीच राहणार होतं. त्या खोक्यावरच्या ३०० कडे लक्ष देऊ नका. तो रेडिओचा कागदोपत्री कमाल वेग, तोही दुप्पट रुंद चॅनेल धरून.

दुसरा निर्णय केबलचा, आणि तोच जास्त महत्त्वाचा होता. आंब्यावरची केबल घरात वापरायची साधी केबल होती. उन्हाने तिचं आवरण तडकू लागलं होतं, माकडांनी एकदा ओढून झालं होतं, आणि आतली तार नुसत्या तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची निघाली. ती जाणार हे ठरलेलंच होतं. प्रश्न होता की तिच्या जागी तांब्याची केबल घालायची की काचेची.

कोकणात मे आणि ऑक्टोबरातल्या विजा सांगायला नकोत. या घराचा एक सेट-टॉप बॉक्स आधीच गेला होता. दोन इमारती, दोन वेगळे मीटर, दोन वेगळ्या अर्थिंग, आणि त्यांना जोडणारी तांब्याची लांब तार: वीज अंगणात पडायचीही गरज नसते. आसपास कुठे कडाडली तरी दोन्हीकडच्या जमिनीच्या विद्युतदाबात क्षणभर मोठा फरक पडतो आणि तो या तारेतून वाट शोधतो. इथरनेटच्या पोर्टमध्ये १५०० व्होल्टपर्यंत टिकणारी विलगतेची सोय असते, पण विजेच्या बाबतीत हा आकडा लहान आहे. म्हणून मी फायबर सुचवली: मध्ये काच, दोन्ही टोकांना छोटे मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे काचेतल्या प्रकाशाची आणि तांब्यातल्या संदेशांची अदलाबदल करणारे डबे. विजेला जायला तारच नाही.

घरच्यांनी तांबं निवडलं. कारणं समजण्यासारखी होती. कन्व्हर्टरची जोडी आणि टोकं जोडणाऱ्या कारागिराची मजुरी धरून खर्च दुपटीहून जास्त जात होता. शिवाय गुरुजींचं म्हणणं, की जेवढे डबे तेवढे अडॅप्टर आणि तेवढ्या तक्रारी. यात तथ्य आहे, मला नाकारता आलं नाही. तडजोड अशी झाली की केबल जमिनीखालून, पाइपातून न्यायची, आणि गडगडाट सुरू झाला की दोन्ही टोकांची केबल उपटून ठेवायची. नियम सोपा होता. तो पाळणार कोण, हे आम्ही ठरवलं नाही.

काय केलं

चर खळ्याच्या मधून न खणता गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने खणला. खळं दरवर्षी चोपून सारवलं जातं, तिथे मध्येच पाइप नको. त्यामुळे तीस मीटरचं अंतर पंचेचाळीसवर गेलं. इथरनेटची मर्यादा १०० मीटर असते, तेव्हा हरकत नव्हती. बागेच्या पाण्याला वापरतात तोच काळा एक इंची पाइप घातला. विजेची तार त्यात घातली नाही, ती वेगळी आणि लांब. केबल बाहेरच्या वापराची, काळ्या आवरणाची, शुद्ध तांब्याची. पाइपाची टोकं जमिनीपासून वर घेऊन खाली वाकवली आणि लिंपली, म्हणजे पाणी, मुंग्या आणि उंदीर तिन्ही बाहेर. केबलबरोबर नायलॉनची एक रिकामी दोरीही पाइपातून ओढून ठेवली. ही कल्पना चर खणायला आलेल्या प्लंबरची. संपूर्ण कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी निर्णय तोच ठरला.

राउटरचं काम टेबलावर बसून, मांगराच्या केबलला हात न लावता केलं. हा क्रम महत्त्वाचा आहे: सेटिंग पूर्ण होईपर्यंत जुना राउटर घरच्या जाळ्याला जोडायचाच नाही, नाहीतर तो पुन्हा पत्ते वाटायला बसतो.

मागच्या बारीक भोकात टाचणी दहा-बारा सेकंद दाबून आधी तो कोरा केला. मग लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला केबलने जोडून, तळाच्या लेबलवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत गेलो. पहिल्यांदा ॲडमिनचा पासवर्ड बदलला. मग वायफायचं नाव, पासवर्ड, सुरक्षेसाठी फक्त डब्ल्यूपीए२ आणि एईएस. ‘मिश्र’ हा पर्याय दिसायला उदार वाटतो, पण एखाद्या उपकरणाने त्यातली जुनी टीकेआयपी पद्धत धरली की त्याचा वेग ५४ एमबीपीएसच्या आत अडकतो. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद केलं. चॅनेल आपोआप निवडण्यावर न सोडता ११ दिला, कारण ओटीवरच्या मोडेमला १ दिला होता. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे एकमेकांवर न चढणारे. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, चाळीस नाही.

त्यानंतर राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, म्हणजे तो घरच्याच जाळ्यातला झाला आणि पुढे कधी सेटिंग बघायची तर सापडेल. हा पत्ता मोडेमने दुसऱ्या कुणाला देऊ नये म्हणून मोडेमच्या पत्तेवाटपाची सुरुवात ५० पासून केली. पत्ता बदलल्याबरोबर ब्राउझरचं पान मरतं. काही बिघडलेलं नसतं, नव्या पत्त्यावर पुन्हा आत जायचं असतं. अनेक जण इथेच घाबरून पुन्हा रीसेट करतात आणि त्याच चक्रात फिरतात.

डीएचसीपी शेवटी बंद केलं. शेवटी अशासाठी, की ते बंद झालं की लॅपटॉपलाही या राउटरकडून पत्ता मिळणं थांबतं आणि हाताने पत्ता दिल्याशिवाय आत जाता येत नाही. मग राउटर मांगरात नेला, जमिनीखालून आलेली केबल पिवळ्या लॅन पोर्टमध्ये लावली आणि निळ्या पोर्टवर काळी टेप चिकटवली. टेप लावायला सुनेने सुचवलं, भाचा पुन्हा सुट्टीला येणार होता.

एक अडलेला प्रश्न: पाहुणे आणि घर

इथे घरच्यांनी विचारलं, की पाहुण्यांना आपला प्रिंटर आणि कॅमेरे दिसणार का? दिसणार. ॲक्सेस पॉइंट झालेला राउटर सगळ्यांना एकाच जाळ्यात आणतो. त्याच्या मेनूतलं ‘गेस्ट नेटवर्क’ आता नुसतं दुसरं नाव उरतं, कारण पाहुण्यांना वेगळं ठेवायचं काम त्याच्या राउटरपणावर अवलंबून होतं आणि तोच आपण काढून घेतला.

मग भाच्याची पहिली, वॅन पोर्टवाली जोडणी पाहुण्यांसाठी बरी होती का? हा गैरसमज फार पसरलेला आहे. त्या जोडणीत आतलं जाळं बाहेरच्यापासून सुरक्षित असतं. आतल्या माणसाला बाहेरच्या जाळ्यात जायला कुणी अडवत नाही. आत होते पाहुणे आणि बाहेर होतं घर. म्हणजे संरक्षण मिळत होतं ते पाहुण्यांना, गुरुजींपासून.

योग्य उपाय म्हणजे एकाच केबलवर दोन वेगळी जाळी चालवणारं उपकरण. या जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी राउटरवर घालता येणारी मुक्त प्रणाली) घालून ते करता येईल का, हे पाहिलं. त्यात ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम. एवढ्याशा जागेत ओपनडब्ल्यूआरटीच्या आजच्या आवृत्त्या मावत नाहीत. मग मर्यादा मान्य करून जे होतं ते केलं: रेकॉर्डर आणि कॅमेऱ्याचे कारखान्यातून आलेले पासवर्ड बदलले, मोडेमचाही बदलला, आणि मांगराच्या वायफायला घरापेक्षा वेगळं नाव व वेगळा पासवर्ड दिला.

नाव एकच ठेवावं की वेगळं, याबद्दल लोक हिरिरीने बोलतात. एका घरात दोन मजल्यांवर दोन डबे असतील तर एकच नाव सोयीचं, फोन चालता-चालता एकावरून दुसऱ्यावर जातो. इथे मधल्या भिंतींमुळे दोन्ही सिग्नल एकमेकांत मिसळतच नव्हते, आणि वेगळ्या नावाचा फायदा ठोस होता: पाहुण्यांचा पासवर्ड हंगाम संपल्यावर बदलायचा तर घरातल्या टीव्हीपासून प्रिंटरपर्यंत कशालाच हात लावावा लागत नाही.

परिणाम

मांगरातल्या दोन्ही खोल्यांत ४० ते ५० एमबीपीएस मिळू लागले. प्रिंटर यादीत आला, कॅमेऱ्याचं चित्रण साठू लागलं, आणि ‘जोडलं आहे, पण इंटरनेट नाही’ हे वाक्य घरातून गेलं. जुन्या राउटरच्या नोंदींत तारीख मात्र कायम १९७० ची दिसते. त्याला बाहेरची वाटच ठाऊक नाही, तर वेळ कुणाला विचारणार? कामावर काही परिणाम नाही, पण गुरुजींना त्याची गंमत वाटते.

पावसाळा नीट गेला. वीज गेल्यावर ओटीवरचा मोडेम इन्व्हर्टरवर चालू राहायचा आणि मांगर बंद पडायचा, म्हणून तिथे १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बसवला. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा आकडा वाचून घ्या; काही जुने राउटर ९ व्होल्टचे असतात.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी विजा झाल्या. घरचे सगळे लग्नाला गेले होते, मांगरात पाहुणे होते, आणि केबल उपटायचा नियम अर्थातच कुणी पाळला नाही. परत आल्यावर मोडेमचा एक लॅन पोर्ट मेलेला, मांगरातल्या राउटरचाही ज्यात केबल होती तो पोर्ट मेलेला. बाकी दोन्ही डबे जिवंत. केबल शेजारच्या पोर्टमध्ये लावून नेट सुरू झालं. नुकसान किरकोळ म्हणावं असं, पण पोर्ट चारच असतात.

नोव्हेंबरात फायबर आली. पाइप होता, दोरी होती, त्यामुळे पुन्हा चर खणावा लागला नाही. तांब्याची केबल ओढून काढली आणि दोरीने काचेची आत घेतली. तीन गोष्टी मात्र आधी तपासल्या. गावोगाव घरांना लावतात त्या चपट्या फायबरमध्ये आधारासाठी अनेकदा पोलादी तार असते. ती आली तर विजेची वाट पुन्हा तयार. म्हणून धातू नसलेली, फायबरग्लासच्या काड्यांची केबल मागून घेतली. दुसरं, एका धाग्यावर चालणारे कन्व्हर्टर ए आणि बी अशा जोडीने येतात, दोन्ही ए आणले तर जोडणीचा दिवाच लागत नाही. तिसरं, टोकांचा रंग: हिरवं टोक तिरकं घासलेलं असतं, निळं तसं नसतं. आपले कन्व्हर्टर निळ्याचे होते, तर टोकंही निळीच बसवून घेतली.

पुन्हा करायचं तर

निदानापासून सुरुवात केली तर, ‘गेटवे’ वाचायला दोन मिनिटं लागतात, आणि मोडेम बदलायच्या आधी ती कुणीही दिली नाहीत. घरात दुसरा कुठलाही वायफायचा डबा आला असेल आणि त्यानंतर नेट लहरी झालं असेल, तर आधी दोन फोनवरचे आकडे शेजारी ठेवून बघावेत.

तांबं की काच या निर्णयात मी खर्च आणि धोका मांडला, पण गडगडाटात केबल कोण उपटणार हे विचारलं असतं तर तडजोड तिथेच कोसळली असती. होमस्टेमध्ये घरमालक नसताना पाहुणे असतातच. दुसऱ्या बाजूने, राउटर आणि मोडेम एकाच छताखाली, एकाच मीटरवर असते तर मी स्वतः काचेचं नाव काढलं नसतं. साधी केबल पुरली असती.

जुना राउटर वापरणं योग्य होतं का? मे महिन्याच्या आत काम उरकायचं होतं, त्या दृष्टीने हो. बाहेरच्या इंटरनेटला थेट सामोरा तो आता जात नाही, तेव्हा त्याला नवं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) मिळत नाही याची धास्ती थोडी कमी होते, संपत नाही. पण पाहुण्यांना वेगळं जाळं देण्याचा प्रश्न त्याच्याकडून सुटणार नाही. येत्या हंगामाआधी मांगरात दोन जाळी हाताळणारा ॲक्सेस पॉइंट घ्यायचं ठरलं आहे. कंपनीचा मोडेम अशी दोन जाळी सांभाळू देतो का, की ओटीवरही एक छोटा राउटर मध्ये घालावा लागेल, हे तपासणं सध्या सुनेकडे आहे.